आरोपी क्रमांक दोन

समन्सवर माझं नाव पूर्ण होतं :
कुंदा विश्राम तेंडोलकर, वय वर्षे एकावन्न,
धंदा हिशेबनीस.
विश्रामला त्यांनी उगाच ओढलं त्यात.
तो जाऊन नऊ वर्षं झाली,
आणि सोसायटीची टाकी कधी धुतात
याच्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसायचं.

दीर म्हणाले, फोर्टातला मोठा वकील बघा.
तसा सेक्रेटरीने बघितलाच होता, आरोपी क्रमांक एकने,
ज्याच्या शिपायालाही इंग्रजीत नमस्कार करावा लागतो.
मी गेले मुलुंडच्या कोर्टासमोर,
झेरॉक्सच्या दुकानावरचा लाकडी जिना चढून
वाघधरे वकिलांकडे.
दोन खुर्च्या, एक पंखा,
आणि फायली उडू नयेत म्हणून
त्यांच्यावर ठेवलेला खलबत्त्यातला बत्ता.

मी पहिल्यापासून सांगायला लागले,
की चेकवर दोन सह्या लागतात,
की शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरी यायचा चेकबुक घेऊन,
“ताई, कोऱ्यावरच करून ठेवा, प्लंबर खाली ताटकळलाय,”
की माझी फोडणी करपत असायची आत…

त्यांनी हात वर केला.
“काय घडलं ते राहू द्या.
कागदावर काय आहे?”

कागदावर माझी सही आहे.
एकवीस वेळा.
शेवटचा र जरा लांबवलेला,
चौथीत बाईंनी वर्गाला दाखवला होता तो र.

मग त्यांनी वकीलपत्र पुढे सरकवलं.
बाविसावी.
पेन टेकवण्याआधी मी सगळं वाचलं,
छापखान्याच्या नावापर्यंत.
ते हसले नाहीत.
“आता वाचताय,” एवढंच म्हणाले.

पंधरा हजार आगाऊ दिले, नोटा मोजून.
पावती मागायची राहिली.
अठ्ठावीस वर्षं पावतीवाचून
कुणाला दहाची नोट सोडली नाही मी.
घरी येऊन वहीत लिहिलं :
वकील, पंधरा हजार, पावती नाही.

यंदा गणपतीची वर्गणी माझ्याकडे कुणी मागितली नाही.
न मागितल्याची नोंद कुठल्या रकान्यात करतात?

वाघधरे काळा कोट स्कूटरच्या डिकीतून काढतात,
झटकतात,
दुसऱ्या बाहीत हात घालेपर्यंत तारीख घेऊन मोकळे.
उपाशी असला की कोणता क्लार्क नावं गिळतो,
कुठल्या बाकाचा पाय मोडलाय,
सगळं त्यांना तोंडपाठ.
एक मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.
अकरा महिने मी वाट बघितली.
उत्तर घासूनपुसून पालथं घालून ठेवलं होतं
सणाच्या भांड्यासारखं.

विचारलं शेवटी मॅजिस्ट्रेट बाईंनी.
माझ्या भाचीच्या वयाच्या असतील,
कॉम्प्युटरवरून नजर न काढता :
“गुन्हा कबूल आहे का?”

तोंडाशी आलं सगळं एकदम.
पैसे नाही घेतले, पण सही माझीच,
हात माझाच, शनिवार माझाच,
आणि बघून न बघणं, बाई,
ते कुणाच्या नावे टाकू?

वाघधऱ्यांचा बूट माझ्या चपलेला लागला.

“कबूल नाही.”

स्टेनोने दोन शब्द टाइप केले.
अकरा महिन्यांचे दोन शब्द.
पुढची तारीख सतरा.

बाहेर येऊन ते म्हणाले, नीट बोललात.
मी म्हटलं, माझी पावती राहिलीय.
ते थबकले,
मग कोटाच्या खिशातून लेटरहेड काढलं चुरगळलेलं,
स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिलं.

मी वाचली.
तारीख आजची घातली होती.
पैसे दिले त्या दिवसाची घालायला लावली,
खोडलं तिथे शेजारी
त्यांची सही घेतली.