बोलताना दिसली

बर्नलीत आज ऊन पडलंय, हीच बातमी.
तरी आठवीचा वर्ग पडदे ओढून बसलाय,
कारण वही जुनी आहे, उजेड तिला सोसत नाही.
गिरणीची दंडवही. रकाने आखीव, अक्षर ठेंगणं:
उशीर, सात मिनिटं – दोन पेन्स.
धागा सुटला, कापडाला भोक – सहा.
ॲलिस होल्डन, बोलताना दिसली – तीन.

सफवान विचारतो, "ऐकली" असं का नाही लिहिलं?
माहीत नाही, मी म्हणते.
खोटं बोलले. थोडंफार माहीत होतं.
पण बाईंनीच गाठ सोडून दिली
की पोरं नुसती उतरवून घेतात.
मी तशीच शिकले, खामगावला:
सन, तह, कलमं, गाळलेल्या जागा भरा.
गाळलेली माणसं कुठे भरायची
ते कोणी विचारलं नव्हतं.

मग फोटो. मालकाच्या हुकमाने
चाळीस बाया ओळीत, एप्रन धुतलेले, हात पोटाशी.
सगळ्या दगडासारख्या. एकीचं तोंड तेवढं पुसट.
"कॅमेरा खराब होता," ब्रॉनाह म्हणते,
आणि मी फळ्यावर तेच लिहिते.
त्याच सालचं कात्रण सांगतं, विणकरणी समाधानी आहेत.
कोणी सांगितलं? मालकांनी, चहापानानंतर.
वर्ग हसतो. एवढं वर्गाला कळतं.

सोमवारी कर्स्टी येते, रडवेली.
पणजी डोरीन आणि तिची मैत्रीण आयव्ही
जन्मभर शेजारशेजारच्या मागांवर होत्या.
त्यांच्यासमोर फोन चालू ठेवून
ही बिस्किटं आणायला गेली.
आता ऐकावं तर बावीस मिनिटं काही नाही.
घड्याळ. बशीवर कप. एकदा खुदकन हसू.
"त्या सारख्या बोलत होत्या, मिस.
मी दारातून पाहिलं. नुसते ओठ."

तीनशे माग एका छताखाली.
भिंतींना कान असतात म्हणे;
त्या भिंतींचे कान केव्हाच बसले होते.
बायांनी आवाज बाजूला ठेवला
आणि ओठांवरच चालवली एक बोली –
बाळंतपणं, उधारी, कोण कोणाबरोबर पळालं,
मुकादमाचं नाक.

वर्गात कोणी काही बोलत नाही.
ब्रॉनाह उठते, फोटोपाशी जाते,
त्या पुसट तोंडासमोर बोट धरते, टेकवत नाही.
"ही बोलतेय."

सफवानला आजोबा आठवतात,
मीरपूरहून आलेले, बासष्टची रात्रपाळी.
त्यांना इंग्रजी आधी दिसली,
ऐकू आली फार नंतर.
अजून ते आवाज बंद करून बातम्या बघतात.
घरच्यांना वाटायचं, म्हातारपण.

कागदावर रकाना आहे: साधनाचा प्रकार.
कर्स्टीने "ध्वनिमुद्रण" लिहिलं, खोडलं.
"शांतता" लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी पणजीचं नाव घातलं, आडनावासकट.
चुकीचं उत्तर आहे. मी पूर्ण गुण दिले.

घंटा होते. दाराच्या काचेपलीकडे
दोघी थांबल्यात, ओठ हलवत,
माझ्याबद्दलच, बहुधा.
तास सुटल्यावर व्हरांड्यात रेंगाळलं तर नोंद, असा नियम आहे.
पेन हातात होतं.
मी नाही लिहिलं.

आणि मग दिवसभर टोचत राहिलं
की शंभर वर्षांनी
कोणाला कसं कळणार.