नमुना क्रमांक अकरा

माझ्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून,
एक भोपळा ठेवलाय.
हिरवाकंच, टणक, देठाशी वाईनी गावची लाल माती
आणि दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी : नमुना क्रमांक अकरा.
नुकुअलोफाच्या या कचेरीत पंखा लावला
की सगळंच उडू पाहतं,
करार, व्हाउचरं, डिझेलचं बिल.
हा एकटा जागचा हलत नाही.

सकाळी खजिन्यातून लोसालीने आली.
तिच्या वहीत, परकीय चलनाच्या रकान्यात,
दुसरा भोपळा.
तो मात्र कुठल्याच बोटीत चढत नाही.
"किती आठवडे?" मी विचारलं.
"डिझेल धरून पाच. औषधं धरली तर..."
आणि ती पेन्सिलीला टोक काढत बसली,
टोक होतं तरी.

मंत्र्यांना संध्याकाळी एक पान हवंय :
अडचणीच्या काळातले अग्रक्रम.
एकच पान. कागदही बाहेरूनच येतो.
चारपैकी दोन वकिलाती बंद करायच्या.
ज्यांचं कर्ज आहे, त्यांच्या दारातून उठता येत नाही.
जिथं आमची पोरं सफरचंदं तोडतात
आणि दर शुक्रवारी घरी पैसे धाडतात,
ती वकिलात नव्हेच, ती चूल.
भोपळा जातो ते शहर... त्याचं नंतर बघू.
राहता राहिलं ते लांबचं, थंडीचं गाव,
जिथं आमचा सेमिसी तळघरात राहतो,
मेजवान्यांना पायी जातो, बूट दारात पुसतो,
आणि मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेतून
समुद्र कुठवर आलाय ते
तीन मिनिटांत सांगतो.
"खोलीचं भाडं किती?" लोसालीनेनं विचारलं.
मी सांगितलं.
पंखा फिरत राहिला.

विळ्याभोपळ्याचं सख्य काय असतं
ते या खुर्चीत बसून कळलं.
विळा कुठल्या का पोलादाचा असेना,
संयुक्त निवेदनावर सही दोघांची असते,
फोटोत दोघंही हसतात.

दुपारी माआफू आला, नमुन्याचा मालक.
खुर्ची दिली तर कडेवर टेकला.
त्यांच्याकडे शेतं गारठलेली असतात
तेवढेच सहा-सात आठवडे
आम्ही त्यांना आठवतो.
यंदा त्यातले दोन बोटीची वाट पाहण्यात गेले.
मग तपासनीस आला, पांढरे हातमोजे,
भोपळ्यावर बोटानं टिचकी मारी, कान लावी,
वैद्यानं पोट तपासावं तसं.
डाग दिसला की बाजूला.
"यंदा डुकरं मातलीत," माआफू म्हणाला,
आणि हसला नाही.
बियाणं तिकडून येतं, माल तिकडे जातो,
मधली माती तेवढी आमची.
आणि हप्ते.

पान अजून कोरंच होतं
तेवढ्यात निरोप आला : पाहुण्यांचं शिष्टमंडळ
उद्याऐवजी आज रात्रीच जेवायला आहे.
स्वयंपाकघरात काय आहे? काहीच नाही.
नमुना क्रमांक अकरा आत गेला,
नारळाच्या दुधात शिजला,
उत्तम पांढऱ्या बशांतून बाहेर आला.
पाहुण्यांनी दोनदा घेतला.
प्रमुखबाईंनी कृती विचारली,
शिजायला किती वेळ, मीठ कधी,
सगळं टिपून घेतलं.
भाव नाही विचारला.

रात्री परत आलो तर पंख्यानं आपलं काम केलेलं.
सगळी कचेरी जमिनीवर.
मी गुडघ्यांवर बसून वेचत गेलो,
हाताला लागेल तो अग्रक्रम.
सेमिसीचं नाव सर्वांत आधी हाती आलं.
ते पान वर ठेवलं.
खाली कुठं ठेवायचं ते सुचेना.

शिपाई पोरगा तोंगिआ अजून होता.
कराराच्या रद्द मसुद्यावर
त्यानं धुतलेल्या बिया मांडल्या होत्या, रांगेत,
एकमेकींना न लागतील अशा.
"पुढच्या वर्षी आपलंच बियाणं, साहेब."
संकरित आहेत. पुन्हा तसं फळ धरत नाहीत,
हे मला ठाऊक आहे,
बियाणाच्या करारात कलम नऊमध्ये लिहिलंय.
मी पंखा बंद केला.