मालकाडी

पाटीवर लिहिलं होतं, द्राक्षबाग बघा, वाइन चाखा.
माणशी तीनशे.
कुडतरीच्या तळ्याला वळसा घालून गाडी थांबली
आणि मी सवयीनं आधी आभाळ बघितलं,
मग जमीन. तांबडी, दसऱ्यानंतरही ओली.
इथं द्राक्षं?
सुनेनं टोपी घातली.

सेव्हेरिन कुलासो, सत्तरीच्या पुढचा,
इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी चपला,
"येयात, येयात" करत भाताच्या जुन्या कोठारात घेऊन गेला.
चार लाकडी पिंपं, बाकी स्टीलच्या टाक्या,
आमच्या सावळजच्या डेअरीत आहेत तशा.
मुलगी ज्युडिता आकडे वहीत उतरवत होती,
आम्ही आलो म्हणून तिनं बेरीज मोडली नाही.

माल कुठला?
त्यानं घाटाकडे हात केला.
"तुमच्याच वाटेचो. मार्चांत. रातचो ट्रक येता."
टॉर्चच्या उजेडात क्रेट मोजून आम्ही गाड्या सोडायचो,
मला तीस वर्षं वाटायचं, सगळ्या मुंबईलाच जातात.

"आणि बाग?" सुनेनं तिकीट पुढं धरलं.
म्हातारा थबकला. मग विहिरीकडे नेलं.

एक वेल.
गंजक्या मांडवावर एकच वेल, खोड मनगटाएवढं.
"पप्पान लायल्ली." पप्पा बोटीवर खलाशी होता,
काडी कुठल्या बंदरातून आणली ते सांगायचा,
दर वेळी वेगळं बंदर.
फळ?
"ना. पानांच पानां."
माझा मुलगा तीनशे रुपयांबद्दल काहीतरी पुटपुटला.

मी पान उलटलं. डावणीचा पांढरा बुरा.
काड्यांत काड्या गुंतलेल्या, उन्हाला आत शिरायला वाट नाही.
कुणी कधी छाटलंच नव्हतं तिला.
कसं छाटणार, बापानं लावलेली.

मग तीन पेले, बशीत काजू.
जन्मभर द्राक्षं पिकवली, प्यायले कधी नाही.
मणी दाताखाली फोडून साखर सांगायची मी,
व्यापारी मागून मीटर लावायचा, जुळायची.
घोट तोंडात फिरवला.
आधी साल, मग बी, मग काकवीच्या अलीकडचं काहीतरी जाड, गोड.
"कशी लागता?"
घाईची, म्हणाले. आठ दिवस आधी तोडलाय माल,
पावसाला भिऊन.
ज्युडितानं पहिल्यांदा वहीतून मान वर केली.
"आमकांय तशेंच दिसलें."

कात्री तिनंच आणली, गुलाबांची, बोथट.
मी म्हाताऱ्याकडे बघितलं.
तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही,
चपला काढून विहिरीच्या कठड्यावर बसला.

पिकलेली, तपकिरी, करंगळीएवढी काडी निवडली.
डोळे मोजले पोरीला स्पर्श करायला लावून,
एक, दोन, सहाव्याच्या वर कात्री लावली.
एकच छाटली. बाकीचं दोन दिवसांचं काम,
आणि ते तिचं.
मालकाडी कशी ओळखायची तेवढं दाखवलं.

कापल्या जागी पाणी आलं,
थेंब धरला, लोंबला, पडला.
"रडटा," सेव्हेरिन म्हणाला.
रडू दे. मुळी जागी आहे म्हणायची.

डोळ्यात घड आहे की नाही
हे एप्रिलातच ठरून गेलेलं असतं,
आत्ता कात्री फक्त विचारते.
एवढं मात्र मी त्याला सांगितलं नाही.
मार्चात बघा, म्हणाले.

गाडीत मुलाला आठवलं, बाटली घ्यायची राहिली.
सून म्हणाली, आई, तोंडाला वास येतोय, बडीशेप खा.
डबी हातात घेतली,
मडगाव येईपर्यंत उघडली नाही.