खळं

पहाटे साडेचारला नळी सुटते.
आधी पाणी पांढरं, मग गुलाबी, मग नाव नसलेल्या रंगाचं,
शेण, कोथळ्यातला अर्धा चघळलेला चारा, चरबीचा तवंग,
सगळं उतारावरून घेऊन ओढ्याला मिळतं.
ओढ्याचं खरं नाव आता फक्त नकाशावर.
माणसं त्याला ओमी पुपा म्हणतात, तांबडं पाणी,
आणि काठाला पालेभाजी लावतात,
कारण तिथे ती फोफावते. हे खोटं नाही.

मोरुनकेजी गमबूट घालून उतरते.
सहा बाटल्या, बर्फाचा डबा,
नाकाखाली आईनं लावून दिलेला बाम.
"परत आलीस?" इया रफातू विचारते,
गुडघाभर पाण्यात वजडी उलटी करत,
"मागच्या वेळी नेलेलं संपलं वाटतं!"
सगळ्याजणी हसतात. मोरुनकेजीही.
बाटलीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध धरायचं असतं.

आज कापलेला बैल उत्तरेकडून आला,
थोडा चालत, थोडा ट्रकमधून.
गिदादोनं त्याला वाटेत तीनदा टोचलं:
एकदा खोकला होता म्हणून,
एकदा बाजार जवळ आला म्हणून,
एकदा बाटलीत थोडं उरलं होतं म्हणून.
औषध वाया घालवणारा माणूस नाही गिदादो.

काचेच्या बशीत रात्रभरात जंतूंची साय धरते.
सायीवर कागदाच्या सहा टिकल्या, एकेक एकेका औषधाची.
औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं,
स्वच्छ, रिकामं.
ते पट्टीनं मोजायचं. तिला पगार त्याचा.

पहिलीला खळं नाही.
दुसरीला नाही.
तिसरी तर दुधात पडल्यासारखी.
ती बशी खिडकीशी नेते,
म्हणते, माझंच चुकलं, दोन दिवस वीज नव्हती,
टिकल्या मेल्या असतील.
नव्या मागवते. नव्याही तेच सांगतात.

जंतू एकमेकांना शिकवतात, असं पुस्तकात आहे.
तिला तो शब्द पटत नाही.
शाळा कुठली तिथे! देतात नुसतं,
शेजारणीनं कुंपणावरून वाटी द्यावी तसं:
घे, माझ्याकडे जास्तीचं आहे.

सोळा दिवसांनी वॉर्डातून कापसाच्या काडीवर पू आला.
सालिऊ अदिगुन, वय एकोणतीस, खाटीक.
डाव्या अंगठ्याला सुरी लागली,
ओढ्यावरच धुतली,
कोपऱ्यावरच्या टपरीतून लाल-पिवळ्या कॅप्सूल घेतल्या, चार.
दोन खाल्ल्यावर बरं वाटलं.
उरलेल्या दोन बायकोच्या दाढेला.

बशी दुसरी, पण ओळखीची.
पाच टिकल्या मुक्या.
सहावीला काहीतरी आहे: अकरा मिलिमीटर.
चौदा हवेत.
ती पट्टी जरा तिरपी धरून पाहते.
अकराच.

सहाव्या औषधाच्या एका दिवसाला एक बकरा लागतो.
सालिऊच्या भावांनी नऊ दिवस आणले.
दहाव्या दिवशी हात मनगटातून काढला.
सालिऊ जगला, हे लिहायला हवं.
सुरीचा हात शाबूत आहे,
पण मांस धरणार कोण?

आरोग्य अधिकाऱ्यांनी अहवाल दोन्ही हातांनी घेतला,
फार सभ्य माणूस,
फायलीवर स्टेपलर ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून.

रात्री आई ताटात हिरवीगार भाजी वाढते.
"कुठली आणलीस?"
"कुठली म्हणजे? बाजारातली. बघ ना, पान कसं तजेलदार!"
मोरुनकेजी पान बोटांनी उघडून बघते.
शिजलेलं आहे, चांगलं शिजलेलं आहे,
ती स्वतःला सांगते, आणि जेवते.
चिरताना आईचे हात कसे होते, विळीचं पातं कसं होतं,
हे विचारत नाही.

अंगणात हरमाटनची धूळ उभी आहे.
धुळीत चंद्र, आणि चंद्राला खळं,
केवढं मोठं!
तिचा हात सवयीनं खिशात जातो, पट्टी चाचपत.
मागच्या दारी आई भाजीच्या काड्या कोंबड्यांना टाकते.
खुराड्यावरच्या फळीवर एक लहान बाटली,
पिल्लं मरू नयेत म्हणून
पाण्यात रोज थेंबभर.