अकरा फ्रेम

ग्दिनियाच्या गोदीत, सात नंबरच्या फाटकावर,
एकोणीस वर्षं मी काही न घडण्याची राखण करतो.
वहीत रोज तेच: दोनची फेरी, सर्व ठीक.
चारची फेरी, सर्व ठीक. वारा वायव्येचा.
गेल्या महिन्यात साहेब वही चाळून म्हणाला,
"बोगुमील, इथे तर कधीच काही होत नाही.
मग तुझा पगार कशाचा?"
मला उत्तर सुचलं नाही.
म्हणजे सुचलं, पण घरी जाताना, बसमध्ये.

घरी तिमेक जागाच.
खोलीभर जांभळा उजेड, पंख्यांची घरघर,
वाटावं, टेबलासकट उडणार आता सगळं.
दोन उन्हाळे मासळीची खोकी उचलून
त्याने हे यंत्र उभं केलं.
ग्राफिक्स कार्ड जुनं, श्चेचिनच्या कुणा पोराचं,
तापलं की अजून सिगारेटचा वास येतो.
म्हणाला, "बाबा, अँटिव्हायरस बंद करून टाकला.
अकरा फ्रेम वाढल्या. सेकंदाला अकरा!"
"आणि पहारा?"
"कुंपणच शेत खात होतं.
शिवाय चोर नेणार काय? खेळायचं यंत्र हे.
यात खेळ सोडून आहे काय?"

त्याने दाखवलं: कालचं धावणं, आजचं धावणं.
मला दोन्ही सारखीच दिसली.
हो रे, म्हटलं, फरक आहे.

मग एका बुधवारी कुणीतरी त्याला फुकट तलवार देऊ केली.
एवढीशी फाइल. दोनदा क्लिक.
तलवार काही आली नाही.

पहाटे पोचलो तर पंखे बंद, पोरगा गप्प.
स्वतःच्याच नावाने त्याला आत शिरता येईना.
मित्राने फोटो पाठवला होता:
सहा वर्षं वाढवलेला त्याचा सरदार
भर चौकात नुसत्या बनियनवर उभा.
चिलखत गेलं, घोडा गेला,
आजारपणात रात्र रात्र जागून मिळवलेली निळी ढाल गेली.
लोक शेजारून धावत होते, थांबत कुणी नव्हतं.
मला हसू येत होतं.
त्याचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच राहिलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बोझेना:
"रविवारी विजेचं बिल मी त्याच्यावरच भरलं ना?"

तेव्हा कुठे आम्ही मोजायला बसलो, खेळण्यात काय काय होतं ते.
बोझेनाचा पासवर्ड, तिला तोच एक पाठ आहे, सगळीकडे तोच.
माझं ओळखपत्र, पुढून आणि मागून.
आईच्या फुप्फुसाचा एक्स-रे, डॉक्टरला पाठवलेला.
आणि आणखी काहीतरी, जे तिमेकने सांगितलं नाही,
कान लाल झाले फक्त.

रेल्वेच्या पुलाखाली हाल्श्काचं दुरुस्तीचं दुकान.
तिने सगळं पुसलं, नव्याने मांडलं,
आम्हाला सगळे पासवर्ड बदलायला लावले, तिच्यासमोर.
मी पाकीट काढून विचारलं, सगळ्यात महागडा पहारेकरी कोणता?
"विकत कशाला? यंत्राबरोबर येतो तो पुरे.
फक्त त्याला झोप म्हणू नका.
आणि फुकटची तलवार दिसली की हात खिशात."
मग स्क्रू शोधता शोधता,
"बैल गेल्यावर झोपा करायला सगळे माझ्याकडेच येतात.
बरंच आहे, माझं पोट चालतं."

तीनशे चाळीस झ्लोटी गेले ते गेले.
सरदार अजून परत आलेला नाही, अर्ज केलाय.
तिमेक नवीन खेळाडू वाढवतोय, अनवाणी, काठीवाला.
खेळ मध्येच अडखळला की शिव्या देतो,
पण त्या बटणाला हात लावत नाही.
निदान माझ्यासमोर तरी.

काल चारच्या फेरीला कुंपणापाशी कोल्हा आला होता.
जाळीचं भोक हुंगलं, एक पाय आत टाकला,
माझा टॉर्च पाहिला आणि पाय काढून घेतला.
बराच वेळ आम्ही एकमेकांकडे पाहत उभे.
मग तो गेला, कोळशाच्या ढिगामागून, सावकाश.

केबिनमध्ये आलो, वही उघडली.
वारा वायव्येचा.
याची नोंद कुठल्या रकान्यात करतात,
मला माहीत नाही.