थडी

शलाकानं तिकडून, लिव्हरपूलहून, बुक केलं माझ्यासाठी:
अर्धा दिवस, खासगी, किनाऱ्याकिनाऱ्यानं, पक्षी आणि वन्यजीव.
अगं, नाशिकला कुठला आलाय किनारा, मी म्हटलं,
समुद्र कसारा उतरल्यावरसुद्धा लांबच.
ती म्हणाली, आई, त्यांच्या यादीत तोच पर्याय होता.

साडेपाचला जेल रोडच्या कोपऱ्यावर जीप आली.
सात सीटा, आणि एकटी मी.
सायखेड्याच्या पुढं द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर,
काचेवर दव, ड्रायव्हर बाहीनं पुसतोय.

चापडगावात लहानू बर्डे उभा.
कानटोपी, गमबूट, खांद्यावर तिपाई.
"किनारा नाही म्हणायचं, मावशी. थडी.
ही आपली थडी, पलीकडं दिसती ती मांजरगावची.
मधलं पाणी गोदेचं अन् कादवेचं.
कुठलं कुणाचं ते आता माशांनाच ठाऊक."

तेहेतीस वर्षं मी नोटा तपासल्या, नाशिकरोडला.
शाई फुटलेली एखादी, एखादीचा नंबर सरकलेला,
आधी अंगठा थांबायचा, डोळे मागाहून पोचायचे.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
अंगठा अजून थांबतो
पोळीच्या कडेवर, लग्नपत्रिकांवर,
शेजारणीच्या नव्या सुनेच्या बोलण्यावरसुद्धा.

दुर्बिणीत आधी माझ्याच पापण्या दिसल्या.
मग थापट्या. दोनएकशे असतील,
चोची पाण्यात खुपसून गाळत चाललेले,
सगळे एकाच साच्यातले, कोऱ्या गठ्ठ्यासारखे.
अंगठा थांबला.
"ती तिथं, लव्हाळ्याच्या अलीकडं. तिची चोच फावड्यासारखी नाही."
लहानू वाकला. बराच वेळ बोललाच नाही.
"तलवार बदकाची मादी. यांच्यात मिसळलीय.
मावशी, कुठं शिकलात हे?"
सरकारी छापखान्यात, म्हटलं.
त्याला वाटलं, गंमत करते.

पुढं बंधाऱ्यावरून चालताना तो बापाबद्दल बोलला.
बाप इथंच जाळं टाकायचा, मरळ, वाम, कधी कटला.
लहानू नुसतं दाखवायचे पैसे घेतो, ते म्हाताऱ्याला पटत नाही.
"म्हणतो, जे हाती लागत नाही
ते तू विकतोस कसं रे?"
यावर मला काही सुचलं नाही.
एक शेकाट्या लाल काड्यांसारखे पाय उचलत
आमच्या पुढून गेला, जणू फरशी ओली आहे.

मग चिखल.
"बसा खाली," लहानू म्हणाला, "उभ्यानं दिसणार नाही."
गुडघे कुरकुरले तरी बसले.
ऊन तिरपं आलं तसं ते वर आलं:
पाच बोटं, बोटांमधली पातळ कातडी,
बाजूला चार खवले.
पाणमांजर. पहाटे येऊन गेलेलं.
ते काही आम्हाला दिसलं नाही,
आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.
"कामावर आम्ही याला जलचिन्ह म्हणायचो," मी म्हटलं.
"उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही ते."
"जलचिन्ह," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला.
"उद्याच्या पार्टीला सांगतो."

तेवढ्यात दलदली भोवत्या आला, अगदी खालून, सावकाश,
आणि सगळं पाणी उठलं.
मी एकशे बेचाळीसपर्यंत आले होते.
आकडे पंखांबरोबर गेले,
आणि परत मोज म्हणून मागून कुणी ओरडलं नाही.

साडेअकराला जीपपाशी मी शंभराची कोरी नोट काढली.
तो अवघडला. तिपाईच्या पायाला चिकटवलेला चौकोन दाखवला,
"फोनवरून चालत नाही का? नोटेचे सुट्टे कुणी देत नाही गावात."
नाही चालत, म्हटलं.
त्यानं हात गमबुटाला पुसले, नोट घेतली,
एक डोळा मिटला आणि उन्हाकडं धरली,
इतकी हळू
की मीच नजर दुसरीकडं वळवली.

घरी पोचते तर शलाकाचा मेसेज: किती दिसले?
एक आकडा लिहिला. खोडला.
चपलांना पावशेर चिखल,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
त्यातला थोडा सुटून पडला.