उजवीकडची दाढ

जर्दाळूची बी दाताखाली फोडायची नसते,
हे मी चौतीस वर्षं पोरांना सांगितलं.
परवा स्वतःच फोडली.
कट् झालं. वाटलं, फुटली एकदाची.
तळहातावर थुंकले तर बी जशीच्या तशी,
शेजारी माझं सोनं,
आणि सोन्याच्या पोटात अडकलेला माझाच एक कपचा,
जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखा, पिवळट.

हे सोनं तोंडात आलं एकोणीसशे शहाऐंशीत.
आईच्या कानातला एक डूल.
दुसरा तिनं आधीच मोडला होता,
कशासाठी, ते कधी सांगितलं नाही.
तेव्हा पांजाकेंतच्या बाजारात
सोन्याच्या दातानं हसणाऱ्या बाईला
खरबूजवाला आत हात घालून चांगलं फळ काढून देई.
माझी दाढ मागची, दिसायची नाही.
म्हणून मी जरा जास्तच हसायचे,
जांभई यावी तसं.

दवाखाना औषधांच्या दुकानावर, जिना अरुंद.
वाकलेला चेहरा मास्कच्या वरच्या भुवयांवरून ओळखला:
शोदमोन, नववी 'ब'.
ह्यानंच नकाशात आमची झराफशान नदी
थेट समुद्राला नेऊन मिळवली होती.
ती वाळूत जिरते रे, वाळूत,
म्हणून मी त्याला तासभर उभा केला होता.
आता मी आडवी, आ वासून,
आणि तो म्हणतो, "मुअल्लिमा, बोलू नका."

मूळ शाबूत आहे, म्हणाला.
खुंटाला आकार देऊ, वर नवीन टोपी बसवू.
मग किंमत सांगितली.
ओठ बधिर होता म्हणून बरं.

रंग ठरवायला त्यानं दातांचा जुडगा काढला,
सरकारी कचेरीतल्या किल्ल्यांसारखा,
आणि एकेक दात माझ्या दातांशी लावून पाहिला.
मला बर्फाचा पांढरा आवडला होता.
"शेजाऱ्यांत उपरा दिसेल," तो म्हणाला.
शेवटी चहा मुरलेला एक निघाला.
माझाच.

ठसा दुशान्बेला गेला.
दोन आठवडे प्लास्टिकची तात्पुरती टोपी,
डावीकडून जेवण, उजवीकडून नुसतं बोलणं.
मग होलिक ड्रायव्हरच्या गाडीतून, डोंगराखालच्या बोगद्यातून,
टोमॅटोच्या दोन पेट्या आणि एका आजारी कोंबड्यासोबत
नवी दाढ आली. काडेपेटीत.
रशियन डॉक्टर हिला कोरोन्का म्हणत,
म्हणजे लहानसा मुकुट.
मुकुट म्हणे! राज्य एक चौरस सेंटिमीटर,
प्रजा कोणी नाही,
सीमेवर हिरड्या.

निळा कागद घालून, "चावा. घासा. पुन्हा चावा."
आरशात पाहिलं तर नव्या दाढेवर
निळी निळी तळी.
शोदमोन एकेक तळं आटवत गेला,
आणि मी मनातल्या मनात
त्याचे नववीचे मार्क वाढवत गेले.

सोनं घेऊन हयोत सोनाराकडे गेले,
नातीच्या कानासाठी.
त्यानं काट्यावर टाकलं, कसाला लावलं, नाक मुरडलं.
"भेसळ आहे, मावशी. फार तर एक डूल होईल."
"एकच होता," मी म्हणाले.
त्याला काही कळलं नाही.
मलाही पुढं बोलवेना.
पुडी परत बांधून घेतली.

काल तंदूरमधली नान उजवीकडून खाल्ली,
कडेचा करपलेला भाग, मुद्दाम.
कुरकुर थेट कानात.
शेजारच्या सबोहतला म्हटलं, ऐकू आलं का?
ती म्हणाली, काय?

पण रात्री जीभ उठून तिकडे जाते.
सोन्याला चव नसते असं मी समजत होते.
होती. हिवाळ्यात पहाटे,
पहिल्या घोटाच्या आधी
एक गार, किंचित खारट काहीतरी,
विहिरीच्या कडीसारखं.
आता तिथं गुळगुळीत, कोमट.
जीभ दारावर हात फिरवते, विचारते, कोण?
दाढ गप्प.
नवीन आहे.
बोलेल.